पोत्यात काय होतं

"आवाज बारीक करा. आता मी सांगतो."

एवढं बोलून तो उजवा हात वर करायचा, पंजा उघडा ठेवून, फाट्यावर एसटीला हात करतात तसा. टीव्हीचा आवाज पार बंद व्हायचा आणि त्याचा सुरू व्हायचा.

मिरजगावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीला लागून पत्र्याची खोली, ती त्याची. आधी तिथं त्याचं व्हिडिओ सेंटर होतं. घरोघरी टीव्ही आले तेव्हा तो टीव्ही दुरुस्त करू लागला, मोबाईल आले तेव्हा मोबाईल. पाटी दर वेळी नवी रंगवली. आत पसारा तोच.

मी चौथीपर्यंत शिकले. आभाळातल्या यानांशी माझा काही संबंध नाही. पण मधली भिंत एकच, त्यामुळे पिवळ्या यानाचे सगळे जुने भाग मी ऐकले आहेत. पाहिले नाहीत, ऐकले, तेही गिरणीच्या घरघरीतून. मधेच तो भिंतीवर थाप मारून ओरडायचा, "आक्का, जरा गिरनी बंद करा की! कप्तान मरायला लागलाय!"

"मरू दे. इथं बाया खोळंबल्यात दळणाला."

मी त्याच्यासाठी कधी गिरणी बंद केली नाही. सिनेमा थांबवता येतो, अर्धवट दळण थांबवलं की पीठ जाडंभरडं निघतं.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. पिवळं यान म्हणजे परदेशी सिनेमा. एक कप्तान, त्याच्याबरोबर एक बोलणारं यंत्र, आणि एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जाणं. एकामागून एक भाग निघाले, अजून निघताहेत. सुरुवातीचे इंग्रजीत होते. हा नगरहून कॅसेट आणायचा. इंग्रजी गावात कुणाला येत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. म्हणून आवाज बंद करून तो गोष्ट सांगायचा.

पहिल्या भागात यानात पोती दिसतात, छताला लागतील इतकी रचलेली. तो सांगायचा, "बघा, पोत्यात बियानं हाय. मालदांडी ज्वारी. त्या ग्रहावर पाऊस न्हाई. लोकं जनावरं इकायला लागलीत. कप्तान बियानं घेऊन निघालाय. आता पोचतो का न्हाई ते बघा."

आमच्याकडं पाऊस कसा पडतो ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. लोक श्वास रोखून बसायचे. आमचा बाबू टेलर, बायकोच्या मयतीला डोळ्यातून टिपूस न काढलेला माणूस, तो कप्तानासाठी गळ्यातल्या टेपने डोळे पुसताना मी पाहिला आहे.

त्याची पोरगी सुवर्णा त्या खोलीतच वाढली. ती लहान असताना विचारायची, "अण्णा, ते बियाणं तिकडं उगवलं का?" हा म्हणायचा, "तू शीक, मग तूच जाऊन बघ." ती खरंच शेतकीचं शिकली. आता राहुरीकडे एका बियाण्याच्या कंपनीत आहे. आई नसलेली पोर, पण वाया गेली नाही.

मग नवे भाग आले, हिंदीत. हिंदी सगळ्यांना कळतं, त्यामुळे सांगायची गरज उरली नाही. सुवर्णा रविवारी घरी यायची तेव्हा दुकानातल्या मोठ्या टीव्हीला मोबाईल जोडून लावायची. नव्या भागात कप्तान म्हातारा झालेला. एका उजाड ग्रहावर बसून तो एका मुलीला सांगतो की, मी नेलेल्या मालानं ही वस्ती जळाली.

झालं. माझ्या गिरणीच्या ओट्यावर असं भांडण पेटलं की विचारू नका.

"बियान्यानं वस्ती जळती व्हय?" बाबू टेलर ओरडला. "ह्या नव्या लोकांनी कप्तानाला बदनाम केलं! सिनेमाच्या कंपनीला फोन लावा कुनीतरी."

"काका, फोन अमेरिकेला लागतो," सुवर्णा म्हणाली. "आणि वाईट काय आहे त्यात? माणूस चुकला, त्याला ते कळलं. मला तर हाच कप्तान जास्त आवडला."

"आमचा कप्तान चुकतच न्हाई!"

कॉलेजची मुलं सुवर्णाच्या बाजूने, जुनी मंडळी टेलरच्या. एकमेकांचा चहा घेईनात. आणि तो, सुवर्णाचा बाप, जुन्यांचा पुढारी. "नवे भाग म्हंजे निस्ती दिवाळी. धूमधडाका. जुन्यात जीव हुता." पोरीशी तो दोन रविवार या गोष्टीवरून धड बोलला नाही. मी म्हटलं, "अरे, घोडा झालास, सिनेमावरून पोरीशी अबोला धरतोस?" तर म्हणाला, "आक्का, सिनेमा न्हाई. कप्तानाचा सवाल हाय."

सुवर्णाला वाटलं, भांडण मिटवावं. तिने पहिला भाग शोधला, तोही आता हिंदीत मिळत होता. "सगळे मिळून मूळ गोष्ट बघू," म्हणाली. सगळे आले. आवाज मोठा ठेवला. इतक्या वर्षांत तिच्या बापानेही तो भाग कधी आवाजासकट समजून ऐकला नव्हता.

पडद्यावर पोती आली. ते यंत्र कप्तानाला विचारतं, यात काय आहे? कप्तान हसून म्हणतो, "बारूद. सँभाल के."

बंदुकीची दारू. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, म्हणजे सगळ्यांनाच आलं.

कुणीतरी फिसकन हसलं. बाबू टेलरने चपला घातल्या. "म्हंजे इतकी वर्सं आमी बारुदासाठी रडलो," एवढं बोलून तो गेला. बाकीचेही पांगले. सुवर्णाने बापाकडे पाहिलं. तो टीव्हीच्या मागे वाकून वायर काढत होता, गरज नसताना.

नंतर त्याचं शटर अर्धंच उघडायला लागलं. कुणी मोबाईल आणला तर घ्यायचा, बोलायचा नाही. भिंतीवर थाप नाही, आक्का म्हणून ओरडणं नाही. मला शांतता बरी वाटायला हवी होती. वाटली नाही, एवढंच लिहिते.

एके दिवशी मी शटरखालून वाकून आत गेले. तो मोबाईल उघडून बसला होता.

"पोती दिसली, आक्का," मी न विचारताच तो म्हणाला. "पोत्यात बियानंच असतंय की. दुसरं काय असतंय?"

"सिमेंट असतं."

"सिमेंट घेऊन आभाळात कोन जातं?"

"आणि ज्वारी घेऊन कोण जातं?"

तो हसला, पण ते तोंडातच राहिलं. मग हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "पोरगी त्या ज्वारीपायी शिकली, आक्का. लोकांचं सोडा. तिला काय वाटलं आसंल? बापानं खोट्यावर वाढवली म्हनंल."

"ते तिला विचार. मी गिरणीवाली."

त्याने विचारलं नाही. बाप लोक विचारत नाहीत, वायर काढत बसतात.

पुढचा भाग आला तेव्हा सुवर्णा शनिवारीच गावात आली. आधी बाबू टेलरच्या दुकानात गेली. टेलर काही येईना, तर म्हणाली, "काका, एखादा परकर शिवायचा राहिला तरी चालेल, पण दुपारी या." त्याला हाताला धरून आणलं. बाकीचे टेलर आला म्हणून आले. बाप कोपऱ्यात स्टुलावर.

तिने सिनेमा लावला, आवाज पार बंद केला, आणि हात वर केला. पंजा उघडा. मी दारात उभी होते, पीठ झटकत. हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

"आवाज बारीक केलाय. अण्णा, सांगा."

"मला काय येतंय? तुला भाषा कळती. तू सांग."

"ते काय बोलतात ते मी सांगते. ते कशाला निघालेत ते तुम्ही सांगा."

पडद्यावर म्हातारा कप्तान यान त्या मुलीच्या हाती देत होता. यानात पुन्हा माल रचलेला. शेवटी टेलरला राहवेना. "आता काय भरलंय रं त्यात?"

"औषधं आहेत म्हणतायत," सुवर्णा म्हणाली.

"थांब." कोपऱ्यातून बापाचा हात वर गेला. "औषधं पुढं. त्याच्या मागं बघा, कोपऱ्यात. त्या पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलंय. बारूद कुनी सुतळीनं बांधत न्हाई."

"अण्णा, तसं त्यात कुठं..."

"पयल्या खेपंला कप्तान चुकला. मान्य हाय. माझंबी चुकलं. पन आता काय चाललंय ते बघा."

"मालदांडी?" टेलरने विचारलं.

"मालदांडी जुनी झाली. ही पोरगी नवं वान काढती हाय. ते."

सुवर्णाने ओढणीने नाक पुसलं, मग म्हणाली, "अण्णा, आमचं वाण कमी पाण्यावर येतं. ते सांगा की लोकांना." पुढे दोघं एकाच वेळी बोलायला लागले, ती एक सांगायची, तो दुसरंच, आणि टेलर मधे तिसरं. तो भाग वाईट होता असं कॉलेजची मुलं अजून म्हणतात. म्हणू देत. भांडायला पुन्हा ओट्यावर येतात, चहा एकत्र पितात.

हल्ली सुवर्णाच्या बापाला बारीक स्क्रू दिसत नाहीत. गेल्या हिवाळ्यात सुवर्णा त्याला राहुरीकडे घेऊन गेली. शटरला कुलूप आहे. पाटीवरचा रंग उडायला लागला आहे, आणि मी काही तो रंगवणार नाही.

परवा नवा भाग आला. टेलरने आपला टीव्ही उचलून माझ्या गिरणीतच आणून ठेवला, मला न विचारता. माणसं दळणाच्या डब्यांवर बसली. टेलरने राहुरीला फोन लावला आणि मोबाईल माझ्या काट्याच्या पारड्यात ठेवला. तिकडे बाप-लेक तोच सिनेमा लावून बसले होते.

"आवाज बारीक करा," फोनमधून आलं. "आता मी..."

पुढचं काही कळेना. गिरणी चालू होती. टेलरने माझ्याकडे पाहिलं, पण बोलायची त्याची छाती झाली नाही.

मी उठले आणि गिरणीचा खटका खाली केला. पट्टा फडफडत फडफडत थांबला. जिचं दळण अर्धं राहिलं होतं तिला म्हटलं, "बस गं तिथंच. ऐक."