नंजनगूडपर्यंतची पानं

फोन आला तेव्हा मी डोळ्यांत थेंब घालून पडले होते. थेंब घातल्यावर दहा मिनिटं डोळे उघडायचे नाहीत असा डॉक्टरांचा हुकूम, म्हणून चाचपडतच फोन कानाला लावला. पलीकडे रम्या होती, सरोजाची सून; सासूला ती अत्ते म्हणायची. एरवी ही मुलगी भराभर बोलणारी, पण त्या दिवशी एकेक शब्द शोधून काढल्यासारखी बोलत होती. "नीला आंटी, अत्ते गेल्या. सकाळी पूजेला बसले होते, तसेच कलंडले. हॉस्पिटलला न्यायला पण टाइम दिले नाहीत..." मी नुसतं "बरं" म्हणाले. असल्या वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो असा, की आता त्या सात कादंबऱ्यांचं काय होणार? माझी मलाच लाज वाटली. वीस वर्षांची मैत्रीण गेली होती आणि माझ्या डोक्यात पुस्तकं! त्याला आता सात आठवडे झाले. दुःख आहेच. पण त्या दुःखाच्या वर एक राग बसला आहे, आणि तो आधी सांगून टाकल्याशिवाय मला सरोजाविषयी चार चांगले शब्द लिहिता येणार नाहीत.

यजमानांच्या नोकरीपायी आम्ही पुणं सोडून म्हैसूरला आलो. कुवेंपुनगरात घर घेतलं, मलाही इथल्या विमा कचेरीत बदली मिळाली. नव्यानं आलेल्या आम्ही पाच-सहा मराठी बायका शनिवारी दुपारी कुणा एकीच्या हॉलमध्ये जमायचो आणि पाळीपाळीनं एखादं पुस्तक मोठ्यानं वाचायचो. तिथं एक दिवस सरोजा आली. तिचं घराणं कित्येक पिढ्या इकडचं, वडील सोसले गावच्या मठाशेजारी लहानाचे मोठे झालेले. घरात मराठी, शाळा मात्र कन्नड. ती स्वतः नंजनगूडच्या शाळेत गणित शिकवायची, रोज बसनं जाऊन-येऊन. तिच्या पिशवीत केळी, तपासायच्या वह्या आणि कुठलंतरी एक पुस्तक हमखास असायचं, आणि पुस्तकात खुणेला बसचं तिकीट. पुढचं तिकीट पुढच्या पानात, पण मागचं काढायचं नाही. तिच्या घरच्या पंचांगातसुद्धा तिकिटं होती. "पसारा कसला हा?" म्हणून मी विचारलं की म्हणायची, "असू दे गं, सुम्ने कशाला काढायचं? ते काय खायला मागतंय?"

तिच्या वडिलांनी हयातभर पुण्याहून टपालानं मराठी कादंबऱ्या मागवल्या होत्या. घरात भाषा टिकावी म्हणून. त्यांच्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं आणि त्याच्या मधल्या फळीवर त्यांनी सात पुस्तकं वेगळी काढून ठेवलेली होती. जाडजूड, बांधीव. काही आपल्याकडची, दोन बंगालीतून आलेली, एक रशियनमधून. नावं इथं लिहीत नाही, तुमच्याही घरात ती असतील आणि बहुधा न वाचलेलीच असतील. "अप्पा म्हणायचे, ही सात वाचल्याशिवाय मरायचं नाही," सरोजा म्हणाली. मी फळीवरून हात फिरवला आणि तिसऱ्या पुस्तकाशी थांबले. ही कादंबरी मी कॉलेजात असताना वाचायला घेतली होती. घरातली थोरली सून एका पहाटे नावेत बसून निघून जाते, आणि मग पाचशे पानं घर तिची वाट बघतं. माझी प्रत वाचनालयाची, तिची शेवटची साठ-सत्तर पानं कुणीतरी फाडून नेलेली. पुढं लग्न, बदल्या, पोरंबाळं. ती सून परत येते की नाही, हे मला अजून ठाऊक नव्हतं. कुणी सांगायला लागलं तर मी कानात बोटं घालायची.

हे ऐकून सरोजा इतकी हसली, की तिथल्या तिथं करार झाला. दोघी निवृत्त झालो की या सातही कादंबऱ्या मिळून वाचायच्या, मोठ्यानं, पाळीपाळीनं, अप्पांच्या खोलीत. तोवर एकटीनं एकही पुस्तक उघडायचं नाही. तिनं माझा हात हातात घेऊन टाळी दिली आणि म्हणाली, "आता तू पण नाही, मी पण नाही. आयतु?" मी म्हणाले, "आयतु, ठरलं." आणि मी तो शब्द पाळला. पुण्याला बहिणीकडं तीच कादंबरी समोर कपाटात होती, मे महिन्याच्या लांबलचक दुपारी होत्या, पण मी तिच्याकडं पाठ करून वर्तमानपत्रातली कोडी सोडवत बसले. बहिणीनं वेड्यात काढलं मला.

रविवारी संध्याकाळी आम्ही कुक्करहळ्ळी तळ्याला फेरी मारायचो. तिथं बोलायला विषय पुष्कळ असायचे, पण दर दोन-चार रविवारांनी ती नाववाली सून यायचीच. सरोजाच काढायची तो विषय. "तुला काय वाटतं, ती परत येत असेल का?" मी म्हणायची, येणारच, इतकी पानं वाट बघायला लावून लेखक रिकाम्या हातानं कसा पाठवेल? ती मान हलवायची. "आली तर घर तेच असेल, पण तिला बसायला जागा नसेल, अल्वा?" मग आम्ही भांडायचो, खरोखरीच्या बाईबद्दल भांडावं तसं. तिचं ते कुतूहल, ते भुवया वर करून विचारणं... मला वाटायचं, जगात दोनच माणसं अशी आहेत ज्यांना या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, आणि त्यातली एक माझ्याबरोबर चालते आहे. एवढीशी गोष्ट, पण मला तिचा फार आधार होता.

सरोजा निवृत्त झाली, दोन वर्षांनी मीही झाले. आता बसायचं, म्हणून मी एक नवी वही आणि दोन उशा घेऊन गेलेसुद्धा. तर तिचा नातू लहान होता. मग तिचा गुडघा. मग दसऱ्याचे पाहुणे. सोमवारी नंजनगूडला देवदर्शन, ते तिनं निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं, त्यामुळे सोमवार नाही. आणि मग माझे डोळे बिघडले. नजरेच्या बरोबर मधोमध डाग, कडेचं दिसतं पण ज्याच्याकडं बघावं तेच पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, वाचायचं असेल ते लवकर वाचून घ्या. तिथून मी थेट सरोजाकडं गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तिनं कॉफीचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पर्वागिल्ला. मी आहे की. मी वाचते, तू ऐक. उगादीपासून बसूयाच." उगादी, म्हणजे आपला पाडवा, आली आणि गेली. वर्षभरात माझं वाचणं संपलं. मी पुन्हा विचारलं नाही. मानी माणसानं किती वेळा विचारायचं? दुसरी उगादीही तशीच गेली.

तेराव्यानंतर रम्याचा फोन आला. "आंटी, ती सात बुक्स तुम्ही येऊन घेऊन जावा. नीलाला द्यायचं म्हणून अत्ते सांगून ठेवलेत." मी गेले. अप्पांच्या खोलीत तिच्या खुर्चीवर बसले. रम्यानं फळीवरून पुस्तकं काढली आणि धूळ झटकायला म्हणून पहिलं पुस्तक जरा उघडून आपटलं. काहीतरी भुरभुर खाली पडलं. "काय गं ते?" "तिकिटं, आंटी. बसची." दुसऱ्या पुस्तकातूनही पडली. मी म्हणाले, तिसरं आपटू नकोस, तसंच दे. उरलेल्या चारांतूनही तशीच पडली. मांडीवर घेऊन बोटांनी चाचपलं. पाच-सहा पानांनंतर एक, मग पुन्हा पाच-सहा पानांनंतर एक, थेट मागच्या पुठ्ठ्यापर्यंत. तिकिटांवरची छपाई उडून गेली होती, रम्या म्हणाली नुसता पांढरा कागद आहे. म्हणजे कैक वर्षांपूर्वीची. एकच तिकीट नवं होतं, बायकांना बस मोफत झाली त्यानंतरचं, शून्य रुपयाचं. वार सोमवार. आणि महिना माझ्या डोळ्यांचं निदान झालं त्याच्या पुढचा. ते शेवटच्या पानाशी होतं, जुन्या तिकिटाला लागून. म्हणजे शेवट तिनं तेव्हा पुन्हा एकदा वाचला होता.

सातही कादंबऱ्या तिनं वाचल्या होत्या. म्हैसूर ते नंजनगूड, रोज पाच-सहा पानं, खिडकीशी बसून. मी पुण्याच्या त्या कपाटाकडं पाठ करून बसले होते तेव्हा ती वाचत होती. तळ्याकाठी भुवया वर करून "ती परत येत असेल का?" म्हणून विचारत होती तेव्हा तिला उत्तर माहीत होतं! मला त्या खुर्चीत बसवेना. माझी इतक्या वर्षांची मैत्रीण माझ्याशी ते सोंग करत आली, आणि मी मूर्खासारखी हिरीरीनं भांडत होते. बरं, वाचलंस तर वाचलंस, सांगायचं तरी! मी चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी माझं मीच पुस्तक उघडलं असतं. डोळे होते तेव्हा मला. तू माझे डोळे असतानाची सगळी वर्षं नेलीस, सरोजा. असं मोठ्यानं म्हणाले मी तिथं, रम्यासमोर. पोरगी घाबरून पाणी घेऊन आली.

पाणी देता देता तिनं एक गोष्ट सांगितली. "आंटी, राग नका मानू. अत्ते एकदा सांगत होते, पहिल्या शनिवारी ते वाचले तेव्हा तुम्ही हसलात म्हणून." मला आठवेना. मग आठवलं... सरोजाची वाचायची पाळी होती. कन्नडच्या हेलात, प्रत्येक शब्दाशी अडखळत, जोडाक्षर आलं की दम घेत तिनं दीड पान वाचलं, आणि मी म्हणाले होते, "अहो, हे म्हणजे वरणभातावर सांबार ओतल्यासारखं झालं!" सगळ्या हसल्या. तीही हसली. त्यानंतर तिनं शनिवारी कधी वाचलं नाही, घसा बसलाय म्हणायची. रम्यानं तिसरं पुस्तक उघडून दाखवलं, मग मला दिसत नाही हे लक्षात येऊन वाचून दाखवलं. समासात पेन्सिलीनं, कन्नड अक्षरांत, अवघड शब्दांचे उच्चार लिहिलेले होते. पानोपानी. "प्रॅक्टिस करत होते वाटतं, आंटी. तुमच्यासमोर वाचायचं म्हणून."

हे ऐकून माझं मन विरघळायला हवं होतं. थोडं विरघळलंही, खोटं कशाला बोलू? माझी ती जीभ, पुण्याचं शुद्ध मराठी मिरवणारी, तिची मला लाज वाटली आणि अजून वाटते. पण मी रम्याला पानं उलटत जायला सांगितलं. पेन्सिलीच्या खुणा साधारण दोनशेव्या पानापर्यंत आहेत. पुढं एकही नाही. म्हणजे तिथवर सराव होता. त्यापुढं तिला यायला लागलं होतं आणि ती नुसती वाचत सुटली होती, आवडीनं, शेवटापर्यंत. सरावाला शेवट वाचावा लागतो का? आणि यायला लागल्यावर मला हाक मारायला काय झालं होतं? मला वाटतं, एकदा शेवट कळल्यावर तो माहीत नसल्यासारखं माझ्या शेजारी बसणं तिला जमलं नसतं. तळ्याकाठी चालता चालता सोंग करणं वेगळं आणि पुस्तक हातात घेऊन करणं वेगळं. म्हणून तिनं दसरा आणला, गुडघा आणला, उगादी आणली. हे मला समजतं. समजलं म्हणून क्षमा होतेच असं नाही.

सहा पुस्तकं मी नेली नाहीत. तिसरं तेवढं ठेवून घेतलं आणि रम्याला विचारलं, वाचशील का? ती एकदम लाजली. "माझं मराठी किती की, आंटी... अडखळत अडखळत येतं." मी म्हणाले, अडखळ. तेव्हापासून रोज दुपारी तिचं कॉम्प्युटरवरचं काम जेवणासाठी थांबलं की मी त्यांच्याकडं जाते. ती अप्पांच्या खोलीत खुर्चीवर बसते, मी कॉटवर. ती कन्नडच्या हेलात वाचते, जोडाक्षराशी दम घेते, तिथं समासात सासूनं लिहून ठेवलेलं असतं त्यावरून सावरते. मी एकदाही तिची चूक काढलेली नाही. मध्ये एकदा तिनं विचारलं, "शेवटचं पान आधी वाचू का, आंटी? तुम्हाला एवढं कळायचं आहे तर." तिचंही चुकलं नाही. पण मी नको म्हणाले. सगळीच पानं सरोजानं माझ्या आधी वाचली आहेत, आता निदान मी तरी रांगेनं जाईन.

पाच-सहा पानं झाली की रम्या थांबते. "आंटी, तिकीट आलं." म्हणजे नंजनगूड आलं. पुस्तक मिटायचं, तिकीट होतं तिथंच राहू द्यायचं. इथं कधीतरी सरोजा पिशवी सावरत बसमधून उतरली असेल, शाळेच्या रस्त्याला लागली असेल, आणि रविवारी मला काय विचारायचं ते मनात घोळवत असेल. ती उतरून गेली. मी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत त्याच पानावर बसून असते.