काकीने पाठ केलेलं वाक्य

शेवटच्या भेटीत काका माझ्याशी मराठीत बोललेच नाहीत. अंधेरीच्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या ते मापुन भाषेत बोलत होते... काकी उशाशी पाण्याचं भांडं धरून बसली होती. ते एकच लांबलचक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत आणि भांडं हाताने दूर सारत. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्याला आता दीड महिना होईल.

काका खलाशी. दुसऱ्या महायुद्धात बोट बुडाली तेव्हा फिलिपाइन्सकडच्या मापुन बेटावरच्या लोकांनी त्यांना आसरा दिला. मासे धरणारी, खोबरं सुकवणारी माणसं. अगदी आपल्या मालवणासारखी, असं ते म्हणत. लढाई संपेपर्यंत तिथे राहून ते त्यांचीच भाषा बोलू लागले. येताना रंगवलेल्या पानांची चटई घेऊन आले. तिच्यावर ते कुणाला बसू देत नसत.

"ही कोणी इणल्यान?" काकीने एकदा विचारलं.

"तिथे घराघरांत बायका विणतात."

"मी घरांचा नाय विचारूक. बाईचा विचारतंय."

काका नुसते हसले आणि गॅलरीत जाऊन बसले. संध्याकाळी तिथे ते एकटेच मापुन बोलत. "बोललो नाही तर विसरेन," म्हणत. मला पहिल्यापासून दाट संशय होता. माणूस एखादी भाषा एवढी जिवापाड जपतो, ती काय खोबऱ्यासाठी? काकीचा तर त्या भाषेने जीवच पोखरला होता.

तेराव्याला वाकोल्याहून हसनभाई आले. काकांबरोबर त्या बेटावर राहिलेले ते एकटेच. काकीने त्यांना चहा दिला आणि समोर बसली. लहानपणी अर्थ न कळता स्तोत्रं पाठ केली, तसं तिने ते शेवटचं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. डोळे मिटून तिने ते म्हणून दाखवलं.

हसनभाईंनी हातातला कप बशीत ठेवला.

"पाणी मागितलं, वहिनी... एवढंच."

"एवढं लांब?" मी विचारलं.

"त्या भाषेत लांबच असतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मला भयंकर राग आला, पण काकीने मला गप्प बसायची खूण केली.

काल अंधेरीला गेलो होतो. गॅलरीत चटई अंथरलेली, तिच्यावर पाण्याचं झाकलेलं भांडं. भांडं सारणारा तो हात माझ्याइतकाच तिनेही पाहिला होता.

"काकी, तुला खरं वाटलं ते?"

"तेनी पाणी मागितल्यानी मां," ती म्हणाली. "मगे ठेवूक नको?"

आणि चटईचं दुमडलेलं टोक तिने हाताने सरळ केलं.