आप्पांची हाडं बुडंनात

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? चहा होईतोवर ऐका, पण आमच्या येळ्ळुरात कुणाला बोलू नका.

मी बेळगावच्या एका लॅबमध्ये पीएच.डी.साठी हाडं बनवते. हसू नका! शरीरात हळूहळू विरघळणारं एक प्लास्टिक असतं. त्यात मीठ मिसळून बोटाच्या हाडाच्या साच्यात ओतायचं, मग पाण्यात ठेवून मीठ काढायचं. मीठ गेलं की उरतात भोकंच भोकं, स्पंजासारखी. मोडल्या हाडात हे बसवलं की त्या भोकांतून खरं हाड वाढतं.

लॅब दोन दिवस बंद होती, म्हणून हाडं घरी आणली. बादलीत मीठ उतरवलं, पांढऱ्या फडक्यात बांधून परड्यातल्या लिंबाला सुकायला टांगली.

शेजारचे आमचे चुलते, आप्पा, त्याच आठवड्यात वारले होते. अस्थी घरात आणत नाहीत, हे मला ठाऊक. पण त्याही तशाच फडक्यात आमच्याच लिंबाला बांधल्यात, हे कुणी सांगायचं?

सकाळी गाठोडं घेऊन लॅबला गेले. सोडलं तर तुकडे काळपट! चुलीचा धूर लागला असेल म्हटलं.

माझ्या गाईड मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि उडाल्याच. "सुमन, काय भोकं आहेत गं! तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं हाड हाडासारखं दिसतंय!"

मी हवेत! तेवढ्यात फोन. आप्पांचा मुलगा भैरू अण्णा, खानापुरातनं, मलप्रभेच्या काठावरनं.

"सुमे, आप्पाची हाडं बुडंनात गं! लोटली तरी फिरून माझ्या पायापाशीच येत्यात! भटजी म्हणत्यात, जीव कशात तरी अडकलाय."

"मग?"

"म्हटलं, आप्पा, शेत इकत न्हाय. तरी तरंगत्यात! म्हटलं, धाकट्या भावाशी परत बोलतो. तरी न्हाय! लई भ्या वाटतंय गं. माझा बा सुटणार कसा?" अण्णा हमसून रडायला लागला.

मी हळूच सूक्ष्मदर्शकाकडं बघितलं. तिथं आप्पा होते.

"अण्णा, हलू नकोस! आलेच!"

गाठोडं उचललं. गाडी कशी हाणली, विचारू नका. काठावर अण्णाला खरं सांगितलं, आप्पांना कपाळाला लावून माफी मागितली आणि पाण्यात सोडलं. क्षणात तळाला! अण्णानं डोळे पुसले, मला दोन शिव्या हासडल्या आणि तिथूनच धाकट्याला फोन लावला. माझी हाडं मी चाळणीनं गोळा केली.

मॅडमना अजून सांगितलेलं नाही. दर सोमवारी माझे नवे नमुने बघून त्या नाक मुरडतात. "सुमन, त्या दिवशीसारखं एक बनव बघू, लगेच प्रबंधावर सही करते!"