मोलकरणीचा आवाज

"झाडू हातात आहेच, तर जाता जाता स्टेजपण झाडून घे."

सचिवबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. आणि झाडलं. कोपऱ्यांसकट. आपलं काम अर्धवट नसतं.

तालीम होती. सेक्टर दहामधल्या मराठी मंडळाच्या नाटकाची. झाडू नाटकातला, धूळ मात्र खरी.

मी कोहक्याची, टाउनशिपबाहेरच्या वस्तीतली. बाप भंडाऱ्याकडून या हिंदी मुलखात आलेला, स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराचा मजूर. त्याचा एकच नियम. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. "तोंड उघडलं का लोकाले जात समजते," म्हणायचा. त्यामुळे माझं मराठी ऐकणारे कोण, तर लग्नाघरी गाद्यांवर लोळणारी भाचरं आणि एक बहिरी मावशी. त्यांना मी गोष्टी सांगते, नकला करते, स्वतःला मोठी कलाकार समजते. मावशी दाद फार छान देते. ऐकू येत नाही ना.

चाळिशी उलटल्यावर कळलं, मंडळाला नाटकासाठी बायका पाहिजेत. केस रंगवून गेले. सचिवबाई पुण्याकडच्या, प्लांटमधल्या साहेबांच्या मिसेस. "या ना ताई," म्हणाल्या. आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. दोन प्रश्नांत मी ताईची 'तू' झाले.

"तुझं बोलणं मोलकरणीला अगदी शोभेल."

नाटकात मालकीण, सून, डॉक्टर, सगळे पुस्तकातल्यासारखे बोलायचे. आमच्यासारखं बोलणारी एकटी मोलकरीण. दर प्रवेशात तिचं एकच वाक्य, "मले काय समजते बाई, मी अडाणी." यावर हशा.

चहा सगळ्यांना मंडळाच्या स्टीलच्या कपात. मला कागदी. "तुला धुवायला नको," सचिवबाई म्हणाल्या. मी त्यालाही माया समजले. बघा, केवढी हुशार.

शेवटच्या तालमीला लेकीला नेलं. सहावीत आहे. आईचं नाटक बघायला नटून आलेली, पहिल्या रांगेत बसली. मी पदर खोचला, कमरेवर हात ठेवले. "मले काय समजते बाई..."

हशा. आणि त्यात लेकीचा आवाज. "मम्मी, ये तो नानी है! नानी पे क्यों हँस रहे हैं सब?"

खरं होतं. मी माझ्या आईचाच आवाज काढत होते. माझी आई विहारात वंदना घेते. वस्तीतली भांडणं मिटवते. याच आवाजात एकदा ठाणेदाराला खडसावून आली. तिनं जन्मात कुणाची भांडी घासली नाहीत. घासली असती, तरी हसायचं काय होतं?

सचिवबाईंनी लेकीची हनुवटी धरली. "अगं, तुमच्यात बोलतातच असं. किती गोड आहे गं! पुढच्या वर्षी हिलाही घेऊ. मोलकरणीची पोर हवीच आहे."

माझ्या हातातला झाडू घेऊन त्यांनी तिच्या हातात दिला. "धर बघू. हां. हिला तर आत्ताच जमतंय."

पुन्हा हशा. लेकीनं झाडू धरून ठेवला होता. माझ्याकडे बघत होती.

या वेळी मी हसले नाही. झाडू काढून घेतला आणि सचिवबाईंच्या खुर्चीवर ठेवला.

"माही पोरगी हे नाही धरणार. आन् मीबी नाही. ना उद्या, ना पुढच्या साली."

"अगं, उद्या कार्यक्रम आहे! नाटक पडेल."

"पडू द्या."

"तुम्हा लोकांना ना, जवळ घेतलं की असंच."

नाटक पडलं नाही. सचिवबाईंची सून मोलकरीण झाली. आमची बोली वेडीवाकडी बोलली. हशा दुप्पट झाला म्हणे.

तालमीच्या त्या संध्याकाळी हॉलच्या फाटकाबाहेर लेक म्हणाली, "मम्मी, वो लोग..."

"मराठीत विचार."

"यहाँ? बाहर?"

"इथंच. जोरात."

ती अडखळली. पानठेल्यावरची माणसं बघत होती. मग म्हणाली, "ते लोक कावून हासून राहिले होते?"

सांगितलं. आडनाव का विचारलं, कागदी कप कशासाठी, जात म्हणजे काय. सगळं. रस्त्यात उभं राहून, आईच्या आवाजात. खालच्या आवाजात सांगावं असं त्यात आमचं काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा मोलकरीण लागेल. आमच्या घरातून जाणार नाही. आणि आमचा आवाज आता फाटकाच्या आत राहणार नाही.