मशीनमधला बाजार

"काकडीच म्हणून राह्यले न?" गिऱ्हाइकाने बी मागितलं की मावशी आधी त्याचाच शब्द त्याला परत विचारायच्या आणि त्याची मान हलली की मगच पुडी बांधायच्या. आष्टीच्या आठवडी बाजारात, माझ्या टायपिंगच्या दुकानासमोर, त्या भाजीपाल्याचं बी घेऊन बसत. तुम्ही त्या बाजारातून गेला असाल तर कदाचित त्यांना पाहिलंही असेल. त्यांना कमी ऐकू येतं हे मला वर्षभर कळलंच नव्हतं. मला वाटायचं, बाई कामाला पक्की आहे.

त्यांची मुलगी सेवाग्रामच्या दवाखान्यात परिचारिका. तिने आईला कानाचं मशीन घेऊन दिलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'गर्दीतही समोरच्याचा आवाज स्पष्ट'. मोबाइलवर त्याची दोन बटणं होती, 'घर' आणि 'बाजार'. 'बाजार' दाबलं की मागचा गलका खाली बसायचा. मावशींचं परत विचारणं थांबलं. मी दुकानात हळूच कोणाची निंदा केली तरी समोरून हसायच्या.

मग एका बाजाराच्या दिवशी मोबाइल घेऊन दुकानात आल्या. "भाऊ, मशीन चालू आहे. त्यातला बाजार गेला."

मला काही कळेना. पाहिलं, तर बटण खरंच नव्हतं. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की ती सोय आता फक्त नव्या मॉडेलमध्ये मिळते आणि नव्या अटी तुम्ही मान्य केल्या आहेत. मी हे मावशींना ओरडून सांगितलं.

"म्या कवा मान्य केलं?" त्या विचारात पडल्या. केव्हातरी पडद्यावर काही आलं होतं, 'हो' दाबल्याशिवाय पुढे जात नव्हतं, म्हणून त्यांनी दाबलं होतं. ते मान्य करणं होतं का, हे त्यांना ठरवता येईना. खरं सांगतो, मलाही.

परत विचारायची सवय एव्हाना मोडली होती. त्याच हंगामात एका बाईला काकडीऐवजी कारल्याचं बी गेलं. वेल मांडवावर चढले, फळ धरलं, तेव्हा ती आली. भांडली नाही. एक कोवळं कारलं मावशींच्या पुढ्यात ठेवलं आणि निघून गेली. मावशी त्या दिवशी दुपारीच उठल्या, माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, अर्ज लिहा.

अर्जात रकाना होता: वस्तूतील दोष. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. मशीन मोडलं नव्हतं, चोरीलाही गेलं नव्हतं. शेवटी मी त्यांचंच वाक्य टाइप केलं: मशीन चालू आहे, त्यातला बाजार गेला.

वर्ध्याला ग्राहक आयोगासमोर कंपनीचे वकील म्हणाले, मशीन आवाज मोठा करतं, म्हणजे ते चालू आहे. अध्यक्षबाईंनी मावशींना विचारलं, मशीन कधी घेतलं? वर पंखे घरघरत होते, मागे कुजबुज चालली होती. मावशींना वाटलं, मशीन काढायला सांगतायत. त्यांनी ते कानातून काढून टेबलावर ठेवलं. मग काहीच ऐकू येईना. सगळ्यांच्या तोंडांकडे बघत, कसनुसं हसत त्या उभ्या राहिल्या. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. सोय परत द्या, नाहीतर मशीन घेऊन किंमत परत करा. कंपनीने दुसरा पर्याय निवडला. मी पेढे आणले. मावशींनी पेढा हातातच धरून ठेवला.

"म्या बाजार मांगतला होता, भाऊ. त्याईनं मशीनच नेलं. मंग जिंकलं कोन?"

मी पेढ्यांचा पुडा बंद केला.

मुलगी दुसरं मशीन घेऊ म्हणाली. त्याच्याही खोक्यावर तेच लिहिलेलं होतं. मावशी नको म्हणाल्या, आणि उरलेलं बी शेजारणीला देऊन मुलीकडे राहायला गेल्या.

गेल्या महिन्यात मी मावशींना फोन केला. माझं नाव तीनदा सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "कोन बोलून राह्यलं, समजत नाई बा. पन घरी येजो, जेवाले."