तीच बाही

लाँड्रीच्या इस्त्रीखान्यात घामाला कुणी विचारत नाही. चार टेबलं, चार वाफेच्या इस्त्र्या आणि वर एक पंखा, तोही गरम हवा ढवळण्यापुरता. इथं एखादी बाई घामानं थबथबली, तिचे हात थरथरले, तरी बाकीच्या म्हणणार, आज उकाडा फार. कडक फसली ती इथंच.

तिला कडक म्हणतात ते तिच्या हातच्या ताठ कॉलरींमुळे. स्वभावामुळे म्हणा, तरी चालेल. मधुमेह निघाला तेव्हा तिनं गळा काढला नाही, इन्शुलिनची सुई टोचून घ्यायला शिकली. घोळ घातला नणंदेनं. "साखर खाण्यानं वाढते ना? मग ताटात कमी घे. कमी खाऊन कुणी मेलंय का?" कडकला पटलं. सुई पूर्ण, ताट अर्धं, आणि वर दिवसभर इस्त्री.

मग एका दुपारी जळका वास सुटला. हॉटेलच्या आचाऱ्याच्या पांढऱ्या कोटावर इस्त्री तशीच टेकलेली होती आणि कडक, ती इस्त्री दुसऱ्याच कुणाची असावी तशी, तिच्याकडे बघत होती.

"उद्यापासून घड्या घाला, ताई," मुकादम म्हणाला.

घड्यांचं टेबल म्हणजे बसून काम. कडकच्या लेखी ते जिवंतपणीचं मरण.

"थोडी मुदत द्या. आणखी एक कपडा जळला तर इस्त्री मीच खाली ठेवीन."

दवाखान्यातल्या सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. "काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढतात. सुई तिला आणखी वाट करून देते. यकृतात थोडी साठवलेली असते, पण अंगात इन्शुलिन असलं की यकृतही हात आखडतं. वर तुम्ही जेवला नाहीत. उपाशी राहिला तो मेंदू, त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतोच. सुई किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, नणंद नाही. आणि कामाआधी नीट जेवा."

"साखर उतरली हे कळणार कसं?"

"घाम येतो, हात थरथरतात."

"सिस्टर, आमच्याकडे घामावरच धंदा चालतो."

सिस्टर हसली. "मग तुमची दुसरी खूण शोधा."

खूण सापडली समोरच्या टेबलावर. तिथली घडीवाली तोंड चालवत असली, तरी तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "कोट जळायच्या आधी तू शर्टाच्या एकाच बाहीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, नवऱ्यावरचा राग काढतेयस."

त्यावर कडकनं नियम केला: घडीवालीनं टोकलं की इस्त्री आधी खाली, भांडण नंतर. ग्लुकोजची पुडी खिशात, साखर तपासायचं यंत्र खिडकीत. ती पोटभर जेवू लागली. नणंदेनं नाक मुरडलं, तिनं आणखी एक घास घेतला.

तरी एकदा, कपड्यांचा ढीग उपसताना, घडीवाली म्हणाली, "कडक, ती बाही झाली."

"नाही झाली."

"झाली गं."

"तुला काय कळतं इस्त्रीतलं? तू घड्या घाल."

मुकादम दारात उभा होता. कडकच्या कपाळावर आठी होती, आपलंच खरं असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. पण नियम तिचाच होता. तिनं इस्त्री स्टँडवर उभी केली, पुडी तोंडात रिकामी केली आणि स्टुलावर बसली. यंत्रावरचा आकडा बराच खाली होता. पाव तासानं पुन्हा तपासलं, तो वर आला होता. मग तिनं डब्यातला पाव खाल्ला, सावकाश, मुकादमाच्या देखत.

"हे रोज होणार का?" त्यानं विचारलं.

"होऊ नये म्हणून जेवते. झालं तर असंच बसेन. कपडा जळला का?"

"नाही."

"मग टेबल सोडत नाही."

पुढचं गाठोडं मुकादमानं तिच्याच टेबलाखाली सरकवलं.

कडकनं मघाचा शर्ट उचलून उजेडात धरला. बाही झालेली होती. तिनं तो हँगरला लावला आणि घडीवालीकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वेळी जरा मोठ्यानं सांग."