बरमाकाकांची उभी मशीन

बरमाकाका हवा कापायचे. मये गावात, तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचे घर. दुपारी जावे तर काका पडवीत खुर्चीवर बसलेले, समोर काहीच नाही, आणि दोन्ही तळवे त्या काहीच नसलेल्या जागी ठेवून ते काहीतरी सावकाश पुढे सरकवत असायचे. मध्येच डावा हात जरा मागे, उजवा वळवून पुढे. डोळे अर्धे मिटलेले, हात थरथरणारे. शेवटी ते फुंकर मारून न दिसणारा कीस उडवायचे.

"काय झालं, काका?"

"शेपटी झाली," ते म्हणायचे.

सुर्ल्याच्या खाणीवर त्यांनी उभा जन्म बरमा धरला होता. खडकात सुरुंगाची भोके पाडणारे ते यंत्र. दगडात जेवढे शिरते तेवढेच धरणाऱ्याच्या हाडांतही शिरते, हे त्यांना कुणी सांगितले नाही. थंडीच्या सकाळी त्यांची बोटे खडूसारखी पांढरी पडत, चहाचा पेला बशीवर किणकिणत राही. मी सरळच लिहिते: कंपनीने हे हात झिजवले आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ आणून त्याच हातांत ठेवला. काका मात्र कंपनीबद्दल बोलत नसत. ते माशांबद्दल बोलत.

घराच्या तळ्याकडच्या खिडकीला उभे गज होते. "गजांतसून बघलंय की तळी कोठडीत घातल्यासारी दिसता," ते म्हणत. ते गज काढायचे आणि तिथे माशांची जाळी बसवायची, हा त्यांचा बेत. जाड पत्र्यातून कापलेले मासे, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचे तोंड जोडलेले. त्या हातांकडून आता एवढेच करून घ्यायचे, असे त्यांनी ठरवले होते.

"खिडकेक मासे!" काकी आतून ओरडायच्या. "गावची मांजरां येवन बसतली दारात. तेंका कोण जेवण घालतला, तुमचो बरमो?"

थट्टेखाली भीती होती. मासे कापायला त्यांना बँडसॉ, म्हणजे पट्टीसारख्या पात्याची यंत्रकरवत, घ्यायची होती; आडवी घ्या, असे सगळेच सांगत. तिच्यात लोखंड शिकंज्यात आवळायचे, वरून पाते आपल्या वजनाने उतरते, माणसाने बाजूला उभे राहायचे. पण ती सरळच कापते. उभ्या मशीनचे पाते दोन चाकांवरून फिरत मेजातून खाली जाते आणि पत्रा माणसाने हाताने वळवायचा असतो. वळण हवे तर उभीच हवी, आणि उभीला हात हवेत. "हेंच्या हातात पेलो रवना," काकी मला म्हणायच्या, "आणि हे हात पात्याकडे नेतले. बाये, तू तरी सांग."

ते दिवस कोकणी-मराठीच्या भांडणाचे. डिचोलीच्या बाजारात मी मराठीची पत्रके वाटायची, घसा बसेपर्यंत ओरडायची, आणि संध्याकाळी पडवीत येऊन काकांनाही धारेवर धरायची. "तुम्ही कुठल्या बाजूचे ते एकदा सांगा! मराठी की कोकणी?"

"आदी उभी की आडवी ता ठरांदे गो," ते म्हणायचे. "मग तुझा बघूया."

माझे डोके फिरायचे. भाषेचा निकाल लागायचा आहे, वेगळ्या राज्याचा दर्जा मिळायचा आहे, आणि हा माणूस पात्याच्या दातांचा विचार करतो! एकदा चिडून मी त्यांच्या हातांवरच पत्रक लिहिले. मथळा दिला, 'खाणीने खाल्लेले हात'. वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"बरा लिवलंस," ते म्हणाले. "पण छापू नको. खाल्ले म्हणतंस, आणि माका तर ते अजून लागतत."

छापले नाही. चडफडत राहिले, पण छापले नाही.

राज्याचा दर्जा मिळाल्यावर पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिघे मशीन बघायला कोल्हापूरला गेलो. हुज्जत घालायला बरी म्हणून काकींनी मला सोबत घेतले होते. दुकानदाराने काकांच्या हातांकडे एकदा पाहिले. "काका, आडवी घ्या की. बार आवळा, बटन दाबा, आन् निवांत च्या प्या."

"चाय घराकडे मिळता. उभी दाखव. मंदात मंद किती चालता?"

लाकडाच्या वेगाने लोखंड कापले तर पात्याचे दात जळतात. दुकानदाराने पट्टा दुसऱ्या कप्पीवर चढवला आणि पाते ओहोळासारखे संथ उतरू लागले. काकांनी पत्र्यावर खडूने मासा काढला, ढकलायला लाकडाचे दोन ठोकळे घेतले. माझ्या दंडात काकींची नखे रुतली. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. पाते गुणगुणत होते. काकांचा चेहरा पडवीतल्यासारखाच अर्धा झोपेतला, आणि पत्रा वळत होता, थरथरत वळत होता.

"रेघ हालली की, काका," दुकानदार म्हणाला.

खरेच, मासा सगळीकडून थरथरलेला होता. काकांनी तो दाराच्या उजेडात तिरका धरला. "हालतलीच. पाण्यात आसा तो."

काकींनी डोळे उघडून आधी नवऱ्याची बोटे मोजली, मग मासा बघितला. "जिवंत दिसता मेलो," त्या म्हणाल्या. उभी मशीन ठरली.

पुढे कितीतरी दुपारी त्या घरातून ती गुणगुण येत राहिली. एक मासा कधी दिवसात व्हायचा, कधी आठवड्यात. खिडकीत शेवटच्या एका माशाची जागा उरली होती, तेव्हा काका गेले. जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

काही महिन्यांनी मी पुन्हा मयेला गेले. खिडकीतून ऊन आत आले होते आणि माशांच्या सावल्या शेणाच्या जमिनीवर पोहत होत्या; त्या हललेल्या कडांमुळे खरेच पोहत होत्या. काकी मशीनपाशी होत्या, पदर खोचलेला, हातात लाकडाचा ठोकळा. पायाशी कापलेल्या माशांची रास, एकेकाची कड सुरीसारखी साफ.

"काकी, किती सुंदर कापलेत!"

"सुंदर घेवन काय करू?" त्यांनी हातातला मासा राशीवर टाकला. "थयसर, हेंच्या माशांत मेळ खाणा नाय एकय. हात कितीय हालयलो बाये, तरी सरळच येता."